दम, धाप आणि ब्रेथ : एका शब्दसंग्रहाची प्रस्तावना

इंग्रजी भाषेतील श्वासविषयक आणि शरीरविषयक शब्दांचे अर्थ, त्यांचा वापर आणि त्यांच्या जवळपास येणारे मराठी शब्द एकत्र मांडणारा हा संग्रह वाचकांच्या हाती देताना, अशा संग्रहाची आवश्यकता काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. मराठीत कोशांचे दारिद्र्य नाही. १८३१ साली मोल्सवर्थने आपला मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्यानेच आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीच्या हातून पुरा होऊन १८४७ साली प्रसिद्ध झाला. आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने शासनव्यवहारापासून शारीरापर्यंत नाना विषयांचे परिभाषाकोश काढून ग्रंथालयांच्या फळ्या भरून टाकल्या. परंतु या प्रत्येक कोशकारापुढे एक ठरावीक वाचक उभा होता. मोल्सवर्थ-कँडींच्या पुढे कचेरीत बसून रयतेचे अर्ज व कैफियती ऐकणारा गोरा अंमलदार होता. संचालनालयाच्या पुढे इंग्रजी मसुदा मराठीत उतरवणारा कारकून आणि पाठ्यपुस्तक लिहिणारा प्राध्यापक होता. रोग्याच्या खाटेशी उभा असलेला, स्वतः याच देशातला असूनही रोग्याचे बोलणे अर्धेच समजणारा विद्यार्थी मात्र कोणाच्याच पुढे नव्हता. आणि वर्धा जिल्ह्यात तो विद्यार्थी अर्धशतकाहून अधिक काळ रोज उभा आहे.

१८६२ साली हा जिल्हा नागपुरापासून वेगळा काढण्यात आला, तेव्हा तो कापसाचा आणि मालगुजारांचा मुलूख होता. पुढे त्याची ओळख पालटली, ती जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतील सेगाव या खेड्यात १९३६ साली गांधीजी राहावयास आले त्यामुळे. त्या खेड्याचे सेवाग्राम झाले, डॉ. सुशीला नय्यर यांनी तेथे रोग्यांना औषधपाणी देण्याचे जे काम हाती घेतले, त्यातून कस्तुरबा रुग्णालय वाढले. आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. कालांतराने सावंगी मेघे येथेही वैद्यकीय महाविद्यालय झाले. खेड्यातील रोगी आणि देशाच्या नाना प्रांतांतून आलेले विद्यार्थी यांची इतक्या लहानशा टापूत अशी रोजची गाठ पडण्याचे ठिकाण विरळाच. विद्यार्थ्याचे पुस्तक इंग्रजीत, त्याचे आपसांतील बोलणे हिंदीत, आणि समोरच्या बाकावर बसलेली देवळीकडची म्हातारी मात्र “मले चालताना दम लागते, जीव घाबरते” असे सांगत असते. विद्यार्थी हिंदीच्या आधाराने अंदाज बांधतो आणि कागदावर शॉर्टनेस ऑफ ब्रेथ व ॲन्क्झायटी अशी नोंद करतो. पहिली नोंद ठीक आहे. दुसरी साफ चुकीची आहे. वऱ्हाड-नागपूरकडे ‘जीव घाबरतो’ तो भीतीने घाबरतोच असे नाही. छातीत धडधड होणे, पोटात कालवणे, घाम सुटणे, आता आपण खाली बसतो की काय असे वाटणे, या सर्वांचा एकवट अनुभव त्या दोन शब्दांत असतो. म्हातारीने एक शारीरिक लक्षण सांगितले आणि दप्तरी तिच्या मनाचा दोष लागला. हृदयविकाराची सुरुवात अशा नोंदीखाली दडून राहू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे शब्दांची ही चर्चा केवळ पंडिती हौस नव्हे, हे पटावे.

इंग्रजीचे घर दुमजली आहे. तळमजल्यावर ब्रेथ, गॅस्प, पँट, साय, व्हीझ, चोक, यॉन हे आखूड, खरखरीत, बोलताना तोंडातून हवा बाहेर फेकणारे शब्द राहतात. माडीवर रेस्पिरेशन, डिस्पनिया, ॲप्निया, इन्हेलेशन ही लॅटिन-ग्रीक मंडळी. इंग्रज आई मुलाला वरच्या मजल्यावरचा शब्द कधी सांगत नाही, आणि इंग्रज वैद्य आपल्या शोधनिबंधात खालच्या मजल्यावर सहसा उतरत नाही. आपल्या विद्यार्थ्यांची अडचण अशी की, ते इंग्रजी पुस्तकातून शिकत असल्यामुळे थेट माडीवरच पोहोचतात. डिस्पनियाचे चार प्रकार त्यांना मुखोद्गत असतात. पण व्हीझ म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासाची शिट्टी, पँट म्हणजे धावलेल्या कुत्र्यासारखे जलद हापणे आणि गॅस्प म्हणजे हवेसाठी एकदम आ करणे, हा घरगुती भेद त्यांना कोणी सांगितलेला नसतो. या संग्रहाने तळमजल्यावरच्या शब्दांना पहिले आणि अधिक स्थान दिले आहे, हा त्याचा मला सर्वांत आवडलेला विशेष होय.

खुद्द ब्रेथ या शब्दाचा पूर्वार्थ श्वास नव्हता. जुन्या इंग्रजीत तो वास, वाफ, उच्छ्वासाचा दर्प या अर्थी होता. नाम आणि क्रियापद यांच्या उच्चारांतला भेद आपल्याकडे सर्रास चुकतो: नामाचा स्वर ऱ्हस्व व शेवट ‘थ’कडे झुकणारा, क्रियापदाचा स्वर दीर्घ व शेवट ‘द’कडे झुकणारा आणि लेखनात शेवटी एक जादा अक्षर. ब्रीद हा उच्चार मराठी कानाला परका वाटण्याचे कारण नाही. आपले ब्रीदवाक्य त्याचे कोणी लागत नसले तरी विद्यार्थ्याने त्याच्या आधारे उच्चार लक्षात ठेवावयास हरकत नाही. माडीवरच्या शब्दांत स्पिराऽरे या लॅटिन धातूचे कुटुंब सर्वांत मोठे: आत श्वास तो इन्स्पायर, बाहेर श्वास तो एक्स्पायर, त्वचेतून पाझरणारा तो पर्स्पायर, आणि अनेकांनी मिळून एकत्र श्वास घेतला म्हणजे कॉन्स्पायर, अर्थात कट. कवीला होते ते इन्स्पिरेशन आणि क्ष-किरणाच्या पट्टीवर तंत्रज्ञ नोंदवतो तेही इन्स्पिरेशन. वाक्यात कोण बोलतो आहे हे पाहिल्याशिवाय यातले काही उलगडत नाही. व्युत्पत्ती मनोरंजक खरी, पण तिच्यावर विसंबून वापर शिकता येत नाही, आणि संग्राहकाने प्रत्येक शब्दामागे तिला दोन ओळींहून जास्त जागा दिलेली नाही हे योग्यच झाले.

मराठीची रचना याहून गुंतागुंतीची आहे, कारण येथे श्वास, उच्छ्वास, प्राण या तत्सम शब्दांच्या आणि धाप, उसासा, सुस्कारा, उचकी, घरघर या घरच्या शब्दांच्या जोडीला फारसीकडून आलेला दम ठाण मांडून बसला आहे. दम लागतो, दम भरतो, दम कोंडतो, दम खावा लागतो, दम धरवत नाही. पोलीस शिपाई दम देतो आणि कारटे नाकी दम आणते. ज्याच्यात दम आहे तो दमदार आणि ज्याला तो पुरत नाही त्याला दमा. संस्कृतातही दम आहे. पण तो इंद्रियनिग्रहाचा, शमदमादि साधनांतला, आणि कीर्तनकाराचा दम व हमालाचा दम एकाच गावात शेजारी शेजारी राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत. फारसी दमाचे संस्कृतातले खरे नातेवाईक म्हणजे फुंकणे या अर्थाचा ध्मा हा धातू. त्याच धातूपासून धमनी हा शब्द झाला. धमनी म्हणजे मुळात फुंकण्याची नळी. आता इंग्रजी आर्टरीची कथा पाहावी. ग्रीकांच्या आर्तीरियाचा अर्थ प्रथम श्वासनलिका असा होता. पुढे हेच नाव धमन्यांनाही मिळाले. मृत शरीरात या नळ्या रिकाम्या आढळत, म्हणून एरासिस्ट्रॅटससारख्या थोर शारीरज्ञानेही त्यांतून रक्त नव्हे तर प्राणवायू वाहतो असे मानले; गॅलेनने प्रयोग करून ते खोडून काढीपर्यंत हा समज टिकला. खऱ्या श्वासनलिकेला ‘खडबडीत आर्टरी’ असे नाव पडले, आणि त्यातले खडबडीत एवढेच विशेषण आजच्या ट्रेकिया या शब्दात उरले. एका बाजूला फुंकणीपासून धमनी, दुसऱ्या बाजूला हवेच्या नळीपासून आर्टरी. दोन दूरच्या देशांनी शवाकडे पाहून सारखीच कल्पना केली असावी, असे मला वाटते.

दमाचा वैद्यकीय उपयोग आपले खेळाडू वैद्यांच्या आधीपासून जाणतात. हुतूतूत शत्रूच्या अंगणात शिरलेल्या गड्याचा दम सुटला की तो बाद. आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला, तेव्हा तेथील प्रेक्षकांपुढे फुप्फुसांच्या शक्तीचेच प्रदर्शन झाले. वैद्यालाही कधी हाच दम मोजावा लागतो. मण्यार हा साप चावलेल्या रोग्याचे स्नायू लुळे पडू लागतात, पापण्या मिटतात, आणि श्वास मंदावतो आहे याची त्याला स्वतःलाही फारशी जाणीव नसते. अशा वेळी डॉक्टर त्याला एका दमात जितके मोजता येतील तितके आकडे मोजावयास सांगतात. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या, आणि म्हणून या सापाच्या तावडीत सहज सापडणाऱ्या आमच्या जिल्ह्यात या परीक्षेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आणि ती ‘सिंगल ब्रेथ काउंट’ या नावाने सांगितली तर कोणाला कळणार नाही, ‘एका दमात मोजा’ म्हटले की पोरालाही कळते.

येथे एका धोक्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. आडवे पडल्यावर धाप लागते आणि उठून बसल्यावर कमी होते, या लक्षणाला इंग्रजीत ऑर्थोप्निया म्हणतात. ऑर्थो म्हणजे सरळ, उभा. या ऑर्थोचे आणि आपल्या ऊर्ध्वचे मूळ एकच मानले जाते. त्यामुळे संस्कृत जाणणाऱ्या एखाद्या उत्साही विद्यार्थ्याला ऑर्थोप्नियासाठी ऊर्ध्वश्वास हा शब्द हातात तयारच आहे असे वाटेल. परंतु चरकाने श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे जे पाच भेद सांगितले, त्यांतला ऊर्ध्वश्वास म्हणजे वर वर ओढला जाणारा, खाली न उतरणारा, मरणाकडे नेणारा श्वास. आणि हाच शब्द ग्रंथांतून निघून खेड्यात इतका खोल रुजला आहे की ‘ऊर्ध्व लागला’ असे म्हणताच घरची माणसे तोंडात गंगाजळ घालण्याची तयारी करू लागतात. ज्या रोग्याला दोन गोळ्यांनी उतार पडणार आहे, त्याच्या मुलाला “बापाला ऊर्ध्व लागतो का रे?” असे विचारणे किती अघोरी होईल! विचारावयाचे ते साधे असे: “झोपल्यावर दम लागतो का? रात्री उठून बसावं लागतं का? उशा किती लागतात?” मग तो मुलगाच सांगेल, “भितीले टेकूनच रात काढते जी.” तत्सम शब्दांवर माझा राग नाही, हा मजकूरच त्यांवाचून लिहिता आला नसता. चेन आणि स्टोक्स या डब्लिनच्या वैद्यांनी १८१८ आणि १८५४ साली ज्या तुटक श्वासाचे वर्णन केले, त्याच्याशी चरकाचा छिन्नश्वास बराच जुळतो, हे वाचून अभिमानही वाटतो. माझे म्हणणे इतकेच की माडीवरच्या इंग्रजीला ग्रंथांतली मराठी जुळते, आणि खाटेशी बोलताना तळमजल्याला तळमजलाच जुळवावा लागतो.

शब्द जुळला तरी माप जुळेलच असे नाही. धाप किती, हे ठरवण्यासाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली वेल्समधील कोळशाच्या खाणकामगारांच्या पाहणीतून निघाली. सपाटीवर घाईने चालताना किंवा लहानशी चढण चढताना धाप लागते काय, बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता काय, शंभर यार्डांवर थांबावे लागते काय, कपडे घालतानाही दम लागतो काय, अशा तिच्या पायऱ्या आहेत. आर्वी-कारंजाकडची डोंगराळ बाजू सोडली तर आमच्याकडे चढण आणावी कोठून? आणि शंभर यार्ड कोणी मोजलेले असतात? येथील बाई विहिरीवरून भरली घागर आणताना कोठे टेकते, पुरुष वावराच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जाताना किती वेळा थांबतो, निंदण करताना इतर बायांच्या ओळीतून ती मागे राहते काय, ही मापे संग्राहकाने प्रश्नांच्या रूपाने दिली आहेत आणि ती मला अनुवादाहून मोलाची वाटतात. १९९०च्या सुमारास बोस्टनच्या वैद्यांनी धाप लागलेल्या रोग्यांना नाना वाक्ये देऊन त्यांतली स्वतःला लागू पडणारी निवडावयास सांगितले, तेव्हा रोगागणिक वाक्यांचे गट निराळे पडले. दमेकऱ्यांनी छाती आवळल्याचे सांगितले, तर हृदय थकलेल्यांनी गुदमरल्याचे. रोग्याची भाषा ढोबळ असते हा समज यावरून टिकत नाही. आमच्याकडे छाती भरली, छाती आवळली, दम कोंडला आणि हाफ लागली या चार बोलण्यांत जो फरक आहे, तो चारही ठिकाणी शॉर्टनेस ऑफ ब्रेथ लिहून पुसून टाकणे हे आपल्याच पुराव्याचा नाश करणे होय.

छाती आवळण्यावरून हिंगणघाटची आठवण होणे अपरिहार्य आहे. कापसाच्या व्यापारात या गावाच्या नावाचा विलायतेपर्यंत दबदबा होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथे व पुलगावला सूतगिरण्या उभ्या राहिल्या. रुईच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात; तलम वस्त्राच्या ग्रीक नावावरून हे नाव पडले. कच्च्या रुईवर वाढणाऱ्या जंतूंचे विष धुळीबरोबर आत जाते, श्वासनलिका आकुंचन पावतात, आणि छाती आवळते. याचे लक्षण मोठे विलक्षण आहे: आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्रास सर्वांत जास्त, पुढे दिवसागणिक कमी. कामगार मुकादमाला “सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती धरते” असे सांगतो आणि मुकादम त्याला आळशी ठरवतो. वैद्यकाच्या पुस्तकात मात्र नेमके तेच वाक्य रोगाच्या निदानाची गुरुकिल्ली म्हणून दिलेले असते. जिनिंगमध्ये नाकावर पदर बांधून रुई-सरकीच्या ढिगात काम करणाऱ्या बायांना हा प्रश्न विचारणारे कोणी असावे.

शरीराच्या शब्दांकडे वळले की थोडी मोकळीक मिळते. बॉडी या इंग्रजी शब्दाचे मूळ कोणाला नक्की सापडलेले नाही, पण आमच्याकडे त्याचा संसार भरभराटीला आला आहे: आखाड्यात बॉडी बनते, मालमोटारीला बॉडी बसते, संस्थेची बॉडी बरखास्त होते, आणि शवविच्छेदनानंतर मिळते तीही बॉडीच. चेस्ट म्हणजे मुळात पेटी, आणि लंग म्हणजे मुळात ‘हलके’; आपल्या लघु शब्दाचा तो सख्खा भाऊ, कारण खाटकाच्या पाण्यात इतर अवयव बुडतात आणि फुप्फुस तरंगते. वापराची खरी अडचण अशा जुन्या नात्यांत नसून साध्या जागी असते. मराठी हात म्हणजे हँड आणि आर्म दोन्ही. पाय म्हणजे फुट आणि लेग दोन्ही. पोट तर इंग्रजीतल्या तीन शब्दांना पुरून उरते. ‘पाय सुजला’ याची नोंद करताना पाऊल की पोटरी, हे विचारलेच पाहिजे. गुडघ्याला आमच्याकडे टोंगळा म्हणतात, हे न कळल्यामुळे पुण्या-मुंबईकडचा मराठी विद्यार्थीही येथे परप्रांतीयाइतकाच गोंधळतो. ‘अंगावरून वारं गेलं’ हे ऐकून कोणी पंखा बंद करू नये. तो पक्षाघात आहे, ज्याला इंग्रजीत स्ट्रोक, म्हणजे तडाखा, म्हणतात.

उलट दिशेने येणारे शब्दही संग्रहात आहेत. व्हेंटिलेटर म्हणजे भिंतीत छताजवळ ठेवलेला झरोका, हाच अर्थ जुन्या शाळा-कचेऱ्यांत सर्वांना ठाऊक होता; २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांनी तो पार पुसला, आणि सॅच्युरेशन हा रसायनशास्त्रातला शब्द आष्टीच्या पारावर आकड्यांसह बोलला जाऊ लागला. ‘एक्स्पायर झाला’ हे येथल्या रुग्णालयांचे नित्याचे वाक्य. खुद्द इंग्रजांच्या बोलण्यात आता माणसे डाय होतात आणि परवाने एक्स्पायर होतात, कारण मुदत परवान्याला असते. माणसाला मुदत लावणारा हा वापर मला रुचत नाही. त्यापेक्षा ‘गेले’ हे दोन अक्षरी मराठी अधिक सभ्य आहे. वृत्तपत्रांतून ‘त्याच श्वासात ते म्हणाले’ असे छापून येते, तेही टाळण्याजोगे; आपल्याकडे माणूस एका दमात बोलतो. ‘मोकळा श्वास घेणे’ मात्र आता इतके रुळले आहे की त्याला हाकलण्यात अर्थ नाही.

श्वास आणि शरीर यांविषयी सोप्या शब्दांत लिहिण्याचा एक पाठ या जिल्ह्याशी जोडलेलाच आहे. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात गांधीजींनी गुजरातीत ‘आरोग्यनी चावी’ ही पुस्तिका लिहिली, आणि तिचे इंग्रजी भाषांतर सुशीला नय्यर यांनी केले. प्रथम शरीर, मग हवा, मग पाणी असा तिचा क्रम आहे; श्वास नाकाने घ्यावा, निजावे ते मोकळ्या हवेत, हे सांगण्यासाठी त्यांना एकाही पारिभाषिक शब्दाची गरज पडली नाही. त्यांच्या सर्वच वैद्यकीय मतांशी आजचा डॉक्टर सहमत होणार नाही, आणि होऊही नये; पण वाक्यरचनेपुरते त्यांना गुरू करण्यास कोणाची हरकत नसावी.

या संग्रहात उणिवा आहेत. लहान मुलांच्या दुखण्यांचे शब्द थोडे आहेत. बाळंतपणाचे त्याहून थोडे, आणि ते बायकांना विचारल्याशिवाय मिळणार नाहीत. जिल्ह्यातील गोंड आणि कोलाम घरांतून बोलले जाणारे शब्द तर यात मुळीच आलेले नाहीत. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, वर्धा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठही तहसिलींतील आशाताई, परिचारिका, शिक्षक आणि गावातील जाणती माणसे यांना माझी विनंती आहे की, येथे न आलेला शब्द आढळला तर तो जसा बोलला गेला तसाच, शुद्ध करण्याच्या भानगडीत न पडता, कोणत्या गावी, कोणत्या दुखण्यासाठी आणि कोणत्या वाक्यात ऐकला या माहितीसह संग्राहकाकडे लिहून पाठवावा. दुसऱ्या आवृत्तीत त्याची नोंद होईल.